नित्य वापरातील वस्तू आणि समकालीन शिल्प : माध्यमाच्या पूर्वायुष्याचा विचार

शिल्पकला म्हटली की आपल्यापुढे प्रथम पाषाण उभा राहतो. त्यानंतर ब्राँझ, लाकूड आणि माती. वेरूळच्या कैलास लेण्यापासून गावातल्या चौकातील अश्वारूढ पुतळ्यापर्यंत आपली दृष्टी याच माध्यमांवर घडलेली आहे. या माध्यमांचे एक वैशिष्ट्य असे की, शिल्पकाराच्या हाती येण्यापूर्वी त्यांना स्वतःचे असे सामाजिक आयुष्य फारसे नसते. खाणीतून निघालेला पाषाण कोणाच्या घरात राहिलेला नसतो. याउलट स्टीलची वाटी, दारूच्या बाटलीचे झाकण, शिवणाची सुई, फुटकी बांगडी या वस्तू शिल्पात येतात त्या एक आयुष्य जगून आलेल्या असतात. कोणीतरी त्या विकत घेतलेल्या, वापरलेल्या, घासलेल्या आणि शेवटी टाकून दिलेल्या असतात.

गेल्या काही दशकांत जगभरच्या अनेक कलावंतांनी अशा वस्तू माध्यम म्हणून स्वीकारल्या आहेत. त्यांच्या कृती पाहताना सामान्य प्रेक्षकाची पहिली प्रतिक्रिया ‘हे सुचले तरी कसे!’ अशी कौतुकाची, नाहीतर ‘यात कला ती कोणती?’ अशी शंकेची असते. या दोन्ही प्रतिक्रिया माध्यमाच्या नावीन्यापाशीच थांबतात. प्रस्तुत लेखात त्यापुढचा एक प्रश्न विचारावयाचा आहे : वस्तूचे पूर्वायुष्य शिल्पात शिल्लक राहते काय, आणि राहिले तर ते तेथे कोणते कार्य करते?

या प्रवाहाचा आरंभ बहुधा मार्सेल द्यूशां या फ्रेंच कलावंतापासून सांगितला जातो. त्याने १९१३ मध्ये सायकलचे चाक एका स्टुलावर उलटे बसविले आणि १९१७ मध्ये न्यू यॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी मुतारीचे चिनी मातीचे भांडे ‘फाउंटन’ या नावाने पाठविले. तथापि द्यूशांला त्या वस्तूंविषयी आस्था नव्हती. किंबहुना जिच्याविषयी आवड वा नावड काहीच वाटत नाही अशीच वस्तू निवडावी, अशी त्याची भूमिका होती. त्याचा प्रश्न कलेच्या व्याख्येचा होता. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची बैठक आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक घडविले, ते याहून वेगळे. तेथे आकारांतील साम्य हेरणारी नजर महत्त्वाची. ती सायकल कोणाची होती याच्याशी शिल्पाला कर्तव्य नाही. आपण ज्या शिल्पांचा विचार करीत आहोत ती या दोघांचीही ऋणी आहेत, परंतु त्यांचा मार्ग तिसरा आहे. त्यांना वस्तू हवी असते ती तिच्या आठवणींसह.

भारतातील सर्वपरिचित उदाहरण सुबोध गुप्ता यांचे होय. बिहारमधील खगौल येथे १९६४ मध्ये जन्मलेल्या या कलावंताने पाटण्याच्या कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९९७ मध्ये त्यांनी गोवऱ्या रचून माणूस आत शिरू शकेल अशी एक वर्तुळाकार वास्तू उभारली. पुढे त्यांनी स्टेनलेस स्टीलची भांडी हाती घेतली आणि तीच त्यांची ओळख ठरली.

मराठी वाचकाला स्टीलच्या भांड्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पितळी भांड्यांना कल्हई करण्याचा खटाटोप ज्या पिढीने संपविला, तिच्या दृष्टीने मांडणीवर ओळीने लावलेले स्टीलचे डबे म्हणजे संसार मार्गी लागल्याची खूण होती. जुने कपडे देऊन बोहारणीकडून घेतलेले पातेले, रुखवतात मांडलेला डब्यांचा संच, ताटाच्या काठावर कोरलेले देणाऱ्याचे नाव आणि तारीख, हे सारे या धातूच्या सामाजिक आयुष्याचे भाग आहेत. आणि भांडे रिकामे असेल तर ते भुकेचेही चिन्ह असते, याचा विसर पडू नये. गुप्ता यांच्या ‘व्हेरी हंग्री गॉड’ (२००६) या शिल्पात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. दुरून ती एक चकाकणारी प्रचंड मानवी कवटी आहे; जवळ गेल्यावर तपेली, डबे, पेले वेगवेगळे दिसू लागतात. २००६ मध्ये पॅरिसच्या एका चर्चमध्ये आणि २००७ मध्ये व्हेनिसच्या कालव्याकाठी ते मांडले गेले. स्वयंपाकघरातील समृद्धी आणि मृत्यूची खूण यांची अशी सांगड कवटीचा तोच आकार ब्राँझमध्ये ओतून साधली नसती.

त्यांच्या ‘लाइन ऑफ कंट्रोल’ (२००८) या शिल्पाविषयी मात्र असे निःशंकपणे म्हणता येत नाही. अणुस्फोटाच्या ढगाचा आकार घेतलेला सुमारे २६ टन वजनाचा हा भांड्यांचा डोंगर २००९ मध्ये लंडनच्या टेट त्रैवार्षिकात प्रदर्शित झाला आणि पुढे दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयात आला. त्यापुढे माणूस दिपून जातो, हे खरे. पण त्या प्रचंडतेत भांडे हे भांडे न राहता विटेसारखे एक परिमाण होऊन जाते. याउलट २०११ ते २०१३ या काळात सिद्ध झालेल्या ‘धिस इज नॉट अ फाउंटन’ या कृतीत ॲल्युमिनियमच्या जुन्या, पोचे पडलेल्या, काळवंडलेल्या भांड्यांचा ढीग आहे आणि त्यातून वर आलेल्या नळांतून पाणी वाहत आहे. शीर्षकात द्यूशांच्या ‘फाउंटन’चे स्मरण आहेच; परंतु लक्ष जाते ते प्रत्येक पोच्याकडे. तेथे वापरणारे हात दिसत नाहीत, तरी जाणवतात. प्रस्तुत लेखकाला ही कृती अधिक मोलाची वाटते.

आफ्रिकेतील एल अनात्सुई यांचे कार्य या संदर्भात विस्ताराने पाहण्याजोगे आहे. घाना देशातील अन्याको येथे १९४४ मध्ये जन्मलेले अनात्सुई १९७५ पासून नायजेरियातील न्सुक्का येथील विद्यापीठात शिल्पकलेचे अध्यापन करीत होते. लाकूड, भाजलेली माती, कसावाचा कंद किसण्याच्या गंजलेल्या किसण्या अशी माध्यमे हाताळल्यावर, १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली एक टाकून दिलेली पिशवी सापडली. ही झाकणे ॲल्युमिनियमची, पातळ आणि रंगीत असतात. ती ठोकून सपाट करावयाची, कापावयाची, दुमडावयाची, कडांना छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडावयाची, अशी त्यांची पद्धत. हजारो तुकडे जोडले गेले की धातूचे महावस्त्र तयार होते. ते भिंतीवर टांगले म्हणजे त्याला रेशमासारख्या चुण्या पडतात.

हे वस्त्र घानाच्या केंटे या पारंपरिक विणीची आठवण करून देते. अनात्सुई यांच्या घरातही केंटे विणले जात असे. परंतु झाकणांचे पूर्वायुष्य याहून कडवट आहे. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ज्या वस्तू आणल्या त्यांत दारू प्रमुख होती, आणि ज्या व्यवहारांत ती दिली-घेतली गेली त्यांत माणसांची खरेदी-विक्रीही होती. अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांना जोडणारा तो व्यापार या झाकणांच्या लाल-सोनेरी रंगाआड उभा आहे. शिल्पाच्या जवळ गेल्यास पट्ट्यांवर दारूच्या छापांची नावे वाचता येतात. अनात्सुई ती खरवडून टाकीत नाहीत. लांबून राजवस्त्र आणि जवळून गुत्त्याचा केरकचरा असा हा दुहेरी अनुभव आहे, आणि या दोहोंमधील अंतर प्रेक्षकाला स्वतः चालून कापावे लागते. २०१५ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह प्रदान केला. २०२३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये ‘बिहाइंड द रेड मून’ या नावाने त्यांची भव्य वस्त्रे झळकली.

या शिल्पांना निश्चित आकार नसतो, हीही लक्षणीय गोष्ट आहे. ती घडी घालून पाठविली जातात आणि टांगणाऱ्याने चुण्या कशा पाडाव्यात याचे स्वातंत्र्य अनात्सुई त्याला देतात. झाकणे जोडण्याचे काम त्यांच्या कार्यशाळेतील अनेक तरुण सहायक करतात. प्रत्येकाची वीण थोडी निराळी, आणि ती तशीच राहू दिली जाते. तथापि संग्रहालयातील पाटीवर नाव एकट्या शिल्पकाराचेच असते. अर्थात मंदिराच्या भिंतींवर राबलेल्या पाथरवटांची नावे तरी आपल्याला कोठे ठाऊक आहेत!

याच सुमारास मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाच्या बाटल्यांची झाकणे जोडून एक साडी घडविली. हातमागाचे वस्त्र आणि बहुराष्ट्रीय शीतपेय यांची ही विसंगत गाठ उदारीकरणानंतरच्या दशकावरील नेमके भाष्य होय. झाकणे दोन्हीकडे आहेत, वस्त्रही दोन्हीकडे आहे. परंतु झाकणांची पूर्वायुष्ये भिन्न असल्यामुळे अर्थही भिन्न झाला आहे.

शीला गौडा यांच्या कृतींत चकाकी नाही. कर्नाटकातील भद्रावती येथे १९५७ मध्ये जन्मलेल्या गौडा मुळात चित्रकार. १९९२-९३ मध्ये देशात आणि विशेषतः मुंबईत जो हिंसाचार झाला, त्यानंतरच्या वर्षांत कॅनव्हासवरील प्रतिमा त्यांना अपुरी वाटू लागली आणि त्या शेणाकडे वळल्या. शेण सारवणाचे, सरपणाचे, पूजेचे. ते गोळा करणारे आणि थापणारे हात प्रायः बायकांचे. गोमय पवित्र मानणाऱ्या समाजात ते उचलणारीला काय स्थान असते, हा प्रश्न उच्चारावा लागत नाही. माध्यमच तो विचारते.

‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’ (१९९८) या त्यांच्या कृतीत शंभर मीटरहून अधिक लांबीचे दोरे आहेत. प्रत्येक दोरा सुईच्या नेढ्यातून अर्ध्यापर्यंत ओढून घेतलेला. असे अनेक दोरे एकत्र करून, कुंकू आणि डिंक यांच्या लेपाने बांधून त्यांचा जाड लाल दोर केला आहे. तो भिंतीवरून, जमिनीवरून वळणे घेत जातो आणि त्याच्या टोकाशी सुयांचा झुबका लोंबतो. प्रथमदर्शनी तो रक्तवाहिनीसारखा किंवा नाळेसारखा भासतो. सुई-दोरा हे घरातील शांत, नेमस्त, स्त्रीसुलभ समजले जाणारे काम, आणि कुंकू तर सौभाग्याचे लेणे. या दोहोंतून गौडा यांनी वेदनेची लांबी मोजली आहे. शंभर मीटर दोरा नेढ्यातून ओढून पाहिल्यावाचून त्या श्रमाची कल्पना येणे कठीण. ‘बिहोल्ड’ (२००९) मध्ये त्यांनी सुमारे चार किलोमीटर लांबीचे केसांचे दोर आणि मोटारींचे बंपर वापरले. बंगळूरमध्ये दृष्ट लागू नये म्हणून वाहनाला केसांची दोरी बांधण्याची रीत आहे. नवस फेडताना देवळात उतरविलेल्या केसांपैकी लांब केस टोपांसाठी विकले जातात आणि उरलेल्या आखूड केसांचे असे दोर होतात. श्रद्धा, बाजार आणि भय यांचा हा प्रवास शिल्पात कोठेही सांगितलेला नाही. जड लोखंडी बंपर केवळ केसांनी तोललेले दिसतात, एवढेच.

आता एक कसोटी सुचविता येईल : शिल्पातील माध्यम मनातल्या मनात बदलून पाहावे. कुंकवाऐवजी लाल रंग घातला तर गौडा यांची कृती कोसळते. मुंबईत काम केलेल्या हेमा उपाध्याय यांनी न पेटलेल्या हजारो आगकाड्यांची झुंबरे घडविली. त्या काड्यांच्या जागी बांबूच्या सळ्या लावल्या तर दिव्याच्या वस्तूत दडलेली आग नाहीशी होते. परंतु आपल्या शहरांतील वाहतूक बेटांवर नटबोल्टांचा मोर किंवा साखळ्यांचा घोडा दिसतो, तेथे माध्यम बदलल्याने काहीही बिघडत नाही. २०१९ मध्ये दिल्लीत खुल्या झालेल्या एका उद्यानात सुमारे १५० टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत. तेथील कौशल्य वादातीत आहे. पण भंगाराने आपले पूर्वायुष्य विसरावे आणि ताजमहाल व्हावे, अशी तेथे अपेक्षा आहे.

नेकचंद यांचे चंडीगढ येथील रॉक गार्डन या दृष्टीने नेमके उलट टोक होय. फाळणीनंतर भारतात आलेले नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यानुसार नवे शहर उभारण्यासाठी जी गावे हटविली गेली, त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, विजेची मोडकी बटणे ते सायकलवरून सरकारी जंगलात नेत आणि रात्री टायर पेटवून त्या उजेडात काम करीत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे बेकायदा काम १९७५च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या नजरेस पडले. ते पाडून टाकण्याऐवजी १९७६ मध्ये जनतेला खुले करण्यात आले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे १९९० मध्ये बागेचा काही भाग पाडून रस्ता काढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नागरिक बुलडोझरपुढे उभे राहिले आणि तो थांबला. २०१५ मध्ये नेकचंद निवर्तले. काटकोनांत आखलेल्या त्या नगरीच्या कडेला, तिच्यासाठी मोडलेल्या घरांच्या कपबश्या आणि बांगड्या ल्यालेल्या स्त्री-पुरुषांच्या आकृती अजून रांगेने उभ्या आहेत.