सांगून जा, सुखरूप ये

मिरवणूक म्हणजे काय, हें मराठी कुटुंबास शिकवावें लागत नाहीं. विसर्जनाच्या रात्रीं गिरगांवांत मुलाचें बोट कसें घट्ट धरावें, पालखीमागें चालतांना पायांत काय घालावें, चुकामूक झालीच तर कोणत्या देवळापाशीं थांबावें, हें आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक असतें. परंतु आमच्या शहरांतून अशीही एक मिरवणूक निघूं लागली आहे कीं, जिला जातांना घरचें मूल घरीं कांहीं सांगत नाहीं. आणि तें सांगत नाहीं म्हणूनच, एरव्हीं गर्दींत जें शहाणपण त्याच्या पाठीशीं असतें, तें सारें त्या दिवशीं घरींच राहून जातें. समलिंगी, तृतीयपंथी व त्यांचे स्नेही यांची ही मिरवणूक. तिला ‘प्राइड’ म्हणतात. आम्ही अभिमान-यात्रा म्हणूं. तिच्याविषयीं वाद घालण्याचा आमचा आज हेतु नाहीं. आपलें मूल तेथें जाणार असेल तर त्यानें कसें जावें व सुखरूप कसें परतावें, एवढेंच सांगावयाचें आहे. आणि तें सांगण्याचा अधिकार आम्हांस आमच्याच एका चुकीमुळें प्राप्त झाला आहे.

आमचें घर डोंबिवलीचें. वडील बंधु, वहिनी, आमची आई, आम्ही उभयतां आणि मुलें, असा एकत्र संसार. ३ फेब्रुवारी २०१८ रोजीं, शनिवारीं, आमचा पुतण्या ‘मित्राकडे अभ्यासाला जातों’ असें सांगून दुपारीं बाहेर पडला, तो मध्यरात्र झाली तरी परतला नाहीं. मोबाइल लागेना. मित्राकडे चौकशी केली, तों तेथें तो गेलाच नव्हता. दीड वाजतां दाराची कडी वाजली. चेहरा उतरलेला, ओंठ सुकलेले, आणि मनगटास इंद्रधनुष्याच्या रंगांची एक फीत. उपाशीं पोटीं उन्हांत चालून त्यास घेरी आली होती. मिरवणुकींतील कोणा अनोळखी स्वयंसेविकेनें त्याला सावलींत बसवून पाणी पाजलें व ‘घरचा नंबर सांग, मी कळवितें’ असें म्हटलें. नंबर त्याला तोंडपाठ होता. पण त्यानें तो सांगितला नाहीं. पुढें दादरच्या फलाटावर तो दोन तास नुसता बसून राहिला. घरीं जावें कीं न जावें, याचा निर्णय होईना म्हणून!

घरांत त्या रात्रीं कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. दादा तर पुढें सहा महिने त्याच्याशीं बोललेच नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आईनें मात्र आम्हांस एकच प्रश्न विचारला : “तो एकटाच गेला होता का रे?” त्या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्हांस जी लाज वाटली, तिच्यांतूनच हा लेख निघाला आहे.

प्रथम ही यात्रा आहे तरी काय, हें वडीलधाऱ्यांनीं समजून घ्यावें. न्यूयॉर्क शहरांत २८ जून १९६९ रोजीं पहांटे पोलिसांनीं ‘स्टोनवॉल’ नांवाच्या एका पानगृहावर धाड घातली. तेथें जमणाऱ्या समलिंगी लोकांनीं त्या वेळीं प्रथमच निकरानें प्रतिकार केला, आणि बरोबर एका वर्षानें, २८ जून १९७० रोजीं, त्याच्या स्मरणार्थ मिरवणूक काढली. आपल्या देशांत अशी पहिली यात्रा कलकत्त्यास २ जुलै १९९९ रोजीं निघाली. चालणारीं माणसें अवघीं पंधराच्या आसपास होतीं. मुंबईची यात्रा ‘क्वियर आझादी मुंबई’ या नांवानें १६ ऑगस्ट २००८ रोजीं निघाली, आणि पुण्याची २०११ च्या डिसेंबरांत. मुंबईच्या यात्रेचें ठिकाण बहुतेक वर्षीं ऑगस्ट क्रांति मैदान हेंच राहिलें. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं ‘छोडो भारत’चा ठराव झाला तेंच हें गवालिया टँकचें मैदान होय.

हा विषय मराठी सुशिक्षितांस अगदींच नवा आहे, असेंही कोणी समजूं नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें व वाचकांच्या असल्या प्रश्नांना उघड उत्तरें दिलीं. त्यांजवर खटले झाले, आणि १९३४ सालीं त्यांच्या बाजूनें न्यायालयांत डॉ. आंबेडकर उभे राहिले. विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० च्या मे महिन्यांत समलिंगी प्रवृत्तीस रोगांच्या यादींतून वगळलें. तेव्हां ‘मुलाला कोणा डॉक्टराकडे नेऊन बरें करावें’ हा विचार ज्यांच्या मनांत येत असेल, त्यांनीं तो कृपा करून सोडून द्यावा.

कायद्याचें म्हणाल, तर १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम दिल्ली उच्च न्यायालयानें २ जुलै २००९ रोजीं सज्ञान व्यक्तींच्या खाजगी संबंधांपुरतें निष्प्रभ केलें. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर २०१३ रोजीं तो निकाल फिरविला. आणि पुढें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांनीं एकमतानें तें कलम तेवढ्यापुरतें रद्द ठरविलें. म्हणजे आमचा पुतण्या एकटा चालत गेला, त्या दिवशीं तें कलम त्याच्या डोक्यावर टांगलेलेंच होतें. मिरवणुकींत चालणें हा मात्र तेव्हांही गुन्हा नव्हता. न्यायालयानें समलिंगी विवाहास मान्यता देण्याचें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नाकारलें. तेव्हां दंडाचें भय गेलें आहे. समाजाचें व नोकरीचें भय अद्यापि पुष्कळांच्या मागें आहे, हें ध्यानांत ठेवूनच पुढील सूचना वाचाव्या.

पहिली गोष्ट स्थळाची. दिवस, वेळ व जागा यांची खात्री आदल्या दिवशीं पुन्हां करावी. २०२० सालीं नेहमींच्या मैदानावरून यात्रा काढण्यास पोलिसांनीं परवानगी दिली नाहीं, आणि १ फेब्रुवारीस मंडळी आझाद मैदानावर जमली. एकास ग्रँट रोड स्टेशन जवळ, तर दुसऱ्यास छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. चुकीच्या स्टेशनावर उतरलेला एकटा मुलगा उगाच गोंधळतो. ऑगस्ट क्रांति मैदानास जाणें झाल्यास मध्य रेल्वेच्या प्रवाशांनीं दादरला पश्चिम रेल्वेची धीमी गाडी धरावी, ग्रँट रोडला पश्चिमेस उतरावें आणि नाना चौकांतून चालत जावें. परतीचें तिकीट जातांनाच काढावें, म्हणजे संध्याकाळच्या रांगेंत तिष्ठावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट देहाची. फेब्रुवारींतही मुंबईचें दुपारचें ऊन कोंवळें नसतें. पोटभर जेवून निघावें; पाण्याची बाटली, थोडा गूळ-शेंगदाणे किंवा लाडू, टोपी, नेहमींचें औषध आणि ओळखपत्र जवळ असावें. वहाणा नव्या नसाव्या. मोबाइल पूर्ण भारून न्यावा, आणि घरचे दोन नंबर कागदावर लिहून खिशांत ठेवावे. सजून जावयाचें असेल त्यानें साधा सदरा किंवा ओढणी पिशवींत ठेवावी. येतांना गाडींत ती उपयोगीं पडते. घेरी आल्यास लाजूं नये. पट्टा बांधलेले स्वयंसेवक असतात, त्यांस लगेच सांगावें.

तिसरी गोष्ट गर्दीची. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजीं चेंगराचेंगरींत तेवीस जीव गेले, हें आपण विसरलों नाहीं. मिरवणुकींत कडेनें चालावें, मधोमध नव्हे. दाटी वाढूं लागली कीं प्रवाहाविरुद्ध न जातां तिरकें तिरकें कडेकडे सरकावें. दोन्ही हात छातीपुढें आडवे धरावे, म्हणजे श्वासास जागा राहते. पडलेली वस्तु उचलण्यास वांकूं नये. भेटीचें ठिकाण आधींच ठरवावें. आम्हीं मणिभवन ठरविलें होतें, कारण तें जवळच आहे व कोणासही विचारलें तरी सांपडतें. बाहेरून कोणी टवाळी केली तर उत्तर देऊं नये, चालत राहावें. प्रकरण वाढलें तर बंदोबस्ताच्या पोलिसांस किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. रेल्वेंत तसाच प्रसंग आल्यास १३९ हा क्रमांक आहे.

चौथी गोष्ट छायाचित्रांची. आणि ही सर्वांत नाजूक. पूर्वीच्या यात्रांत कित्येक जण मुखवटे घालून चालत, तें हौसेनें नव्हे. आपलें नांव घरीं अथवा कचेरींत कळूं नये, अशी ज्याची इच्छा असेल, त्यानें आजही तोंड झांकण्यांत कमीपणा मानूं नये. दुसऱ्याचें छायाचित्र विचारल्यावांचून काढूं नये, आणि काढलेलें त्याला विचारल्यावांचून कोठें पाठवूं नये. आपल्या एका हौसेनें परक्याचें घर मोडूं शकतें.

पांचवी गोष्ट नव्या ओळखींची. त्याच दिवशीं भेटलेल्या माणसाबरोबर परक्या घरीं जाऊं नये, आणि उघड्या पेल्यांतील पेय घेऊं नये. ‘तुझ्या घरीं सांगतों’ अशी धमकी घालून पैसे उकळणारे भामटे असतात. त्यांचें सारें बळ आपल्या मौनांत असतें. त्यांस एक रुपयाही देऊं नये. आलेले संदेश जपून ठेवावे, घरांतील एका तरी मोठ्या माणसास सांगावें आणि पोलिसांत जावें. मोबाइलवरून झालेल्या फसवणुकीसाठीं १९३० हा क्रमांक आहे.

आतां थोडें घरच्यांसाठीं. वरील पांचही सूचना वाचून पाहा. त्यांतील प्रत्येक सूचनेस घरीं वाट पाहणारें कोणीतरी लागतें. कागदावर नंबर लिहावयाचा तो कोणाचा? धमकी आल्यास सांगावयाचें तें कोणाला? आमच्या पुतण्याजवळ पाणी नव्हतें ही गोष्ट लहान. त्याच्याजवळ सांगण्याजोगा नंबर नव्हता, ही मोठी. मुलाचें सर्व मान्य करा, असा आमचा आग्रह नाहीं. आमच्या घरांतही सर्वांचें मत एक नाहीं. पण मतभेद असलेल्या मुलासही आपण विसर्जनाला ‘जपून ये’ म्हणतोंच कीं नाहीं?

२०१८ च्या सप्टेंबरांत निकालाची बातमी आली त्या दिवशीं दादांनीं वर्तमानपत्र दोनदां वाचलें आणि घडी घालून मुलाच्या टेबलावर ठेवून दिलें. बोलले कांहीं नाहींत. पण त्या दिवसापासून जेवतांना त्याचें ताट आलें का, हें ते विचारूं लागले.

पुढील यात्रा २ फेब्रुवारी २०१९ रोजीं होती. वहिनी म्हणाल्या, “भावजी, यंदा आपण दोघें जाऊं त्याच्याबरोबर.” आम्ही गेलों. मैदानांत ढोल होते, रंगीत पताका होत्या. आणि एका कडेला आमच्याच वयाचीं कांहीं आईबापें उभीं होतीं. आम्हांस तेथें अवघडल्यासारखें वाटलें नाहीं, असें म्हणणें खोटें होईल. पण वहिनींनीं लाडवांचा डबा उघडला, आणि पुतण्याच्या पांच-सात मित्रांनीं तो क्षणांत संपविला. त्यांतील एक मुलगा, ‘माझ्या घरीं ठाऊक नाहीं’ असें हळूच म्हणाला. वहिनींनीं आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशांत घातला.

परततांना गाडींत तीन-चार पोरांनीं फितीकडे पाहून वेडेंवांकडें बोलण्यास सुरुवात केली. आम्ही उत्तर दिलें नाहीं. पुढच्या स्टेशनावर उतरून दुसऱ्या डब्यांत बसलों. दोन बाजूंना आम्ही व वहिनी, मध्यें तो. साडेनऊला घरीं पोंचलों. दादा गॅलरींत उभे होते. आम्हांस पाहतांच ते आंत गेले, आणि आम्ही जिना चढून वर आलों तों दार उघडें होतें. आई पाटावर बसून होती. तिनें नातवाकडे पाहिलें, त्याच्या मनगटावरची फीत बोटानें चांचपली आणि म्हणाली, “उन्हाचा आला आहेस, आधीं पाणी पी. आणि पुढच्या वेळींही असाच सांगून जा.”