उघडलेली कुपी आणि उरलेले औषध

शस्त्रक्रिया म्हटली की घरातील माणसे डॉक्टर कोण, खर्च किती, रक्त लागेल काय, एवढेच विचारतात. भुलीचे औषध कोणत्या कुपीतून काढले आणि ती कुपी केव्हा उघडली होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी दात काढणे, गळू फोडणे, टाके घालणे, बाळंतपण, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया अशा कितीतरी प्रसंगी ही औषधे लागतात. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही, आपल्या सर्वांचा आहे.

एका बाटलीचा इतिहास

हा धडा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 साली मुंबईत प्लेगची लस तयार केली व पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. हीच लस 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून, 53-एन क्रमांकाच्या, लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना पद सोडावे लागले. पुढे पुराव्यांची फेरतपासणी झाली. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे पुढे आले. 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 पासून परळची ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ते औषध भुलीचे नव्हते, लस होती. परंतु नियम तोच आहे. कारखान्यात औषध कितीही शुद्ध बनविलेले असो, कुपी उघडल्या क्षणापासून त्याची शुद्धता उघडणाऱ्याच्या हाती जाते.

जंतू कसे वाढतात?

विद्यार्थी मित्रांनी एक हिशेब करून पाहावा. अनुकूल परिस्थितीत एक जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो असे धरले, तर तासाभरात एकाचे 8 होतात आणि सहा तासांत 2,62,144 ! एवढे होऊनही औषध डोळ्यांना स्वच्छच दिसू शकते. गढूळपणा नाही, वास नाही, म्हणून औषध चांगले, हा समज धोक्याचा आहे.

प्रोपोफॉल हे शिरेतून देण्याचे भुलीचे औषध दुधासारखे पांढरे असते. त्यात सोयाबीनचे तेल, अंड्यातील लेसिथिन व ग्लिसरीन असते, आणि जंतूंना हे आयतेच खाद्य मिळते. हे औषध प्रचारात आल्यावर अमेरिकेत 1990 नंतर अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना ताप व रक्तदोष होऊ लागला. सात रुग्णालयांच्या तपासाचा अहवाल 1995 साली प्रसिद्ध झाला. दोष औषधाच्या निर्मितीत नव्हता. ते हाताळताना झालेल्या निष्काळजीपणाचा तो परिणाम होता. म्हणून प्रोपोफॉल सिरिंजमध्ये भरल्यावर सामान्यतः सहा तासांच्या आत, तेही एकाच रुग्णासाठी वापरावे व उरलेले टाकून द्यावे, असा दंडक आहे.

मणक्यात देण्याच्या औषधाची काचेची अँप्यूल तर एकदाच वापरायची असते. तिच्यात जंतुरोधक द्रव्य नसते आणि औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात जाते. तेथे जंतू गेले तर मेंदूज्वर होऊ शकतो. फोडलेल्या अँप्यूलवर कापसाचा बोळा ठेवून ती दुसऱ्या रुग्णासाठी जपणे ही काटकसर नव्हे.

फ्रीज व जंतुरोधक यांचे गैरसमज

जागा बधिर करण्याच्या लिग्नोकेनच्या रबरी बुचाच्या मोठ्या बाटल्यांत बहुधा जंतुरोधक द्रव्य असते. अशा बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. उत्पादकाने कमी मुदत दिलेली नसेल, तर जास्तीत जास्त 28 दिवस ती वापरता येते. मात्र हे द्रव्य काविळीच्या विषाणूंना मारीत नाही. अमेरिकेतील लास व्हेगास येथे 2008 साली नेमके हेच उघडकीस आले. वापरलेल्या सिरिंजची केवळ सुई बदलून ती पुन्हा प्रोपोफॉलच्या कुपीत घातली गेली आणि त्याच कुपीतून पुढच्या रुग्णांना औषध दिले गेले. त्यातून हेपॅटायटिस सी पसरला व चाळीस हजारांहून अधिक लोकांना तपासणी करून घेण्यास कळवावे लागले.

फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीशीपुढे जातो. त्यात वीज गेली की तोही आधार संपतो.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

1) प्रत्येक रुग्णास नवी सुई व नवी सिरिंज. नुसती सुई बदलणे पुरेसे नाही.

2) सुई टोचण्यापूर्वी रबरी बूच, आणि फोडण्यापूर्वी अँप्यूलची मान, स्पिरिटने पुसावी व वाळू द्यावी.

3) बाटलीच्या बुचात सुई खोचून ठेवू नये. ती जंतूंना उघडी वाट असते.

4) कुपीवर उघडल्याची तारीख व वेळ नसेल, तर ती टाकून द्यावी.

5) शक्य तेथे लहान मापाच्या कुपी मागवाव्यात, म्हणजे औषध वाया जाणार नाही.

नातेवाइकांसाठीही एक गोष्ट. आपण दुकानातून आणून दिलेले औषध उरले, तर "पैसे दिलेत, बाटली परत द्या" असा आग्रह धरू नये व ती घरी नेऊन पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. "सिस्टर, ही कुपी केव्हा उघडली?" असे नम्रपणे विचारण्यास मात्र कचरू नये. चांगल्या डॉक्टरांना व परिचारिकांना अशा प्रश्नाचा राग येत नाही. उरलेल्या औषधाची किंमत थोड्या रुपयांची असते, तर त्यातून होणाऱ्या आजाराची किंमत सारे घर मोजते. एवढे ज्ञान प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरी पोहोचविले, तरी पुष्कळ काम होईल.