बुधला, कुऱ्हाड आणि ओक : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या परंपरेचे जतन

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे अवशेष जतन करताना नेमके काय जतन करावयाचे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ह्या खेळात खेळाडू चेंडू हाती घेऊन धावतो. आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून तो निराळा होय. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे झालेला रटगर्स व प्रिन्स्टन ह्यांचा सामना त्याचा आरंभ मानला जातो. मौज अशी, की त्या सामन्यात चेंडू घेऊन धावण्यास मुभाच नव्हती. परंपरेची जन्मतिथी बहुधा पुढच्या पिढ्याच ठरवितात.

ह्या दृष्टीने ‘लिटल ब्राऊन जग’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला चिनीमातीचा बुधला विशेष अभ्यसनीय आहे. १९०३ मध्ये मिशिगनच्या संघासाठी तो मिनिआपोलिस येथे ३० सेंटांना विकत घेण्यात आला. ३१ ऑक्टोबरचा मिनेसोटाविरुद्धचा सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, लोक मैदानात घुसले आणि त्या गडबडीत बुधला मागे राहिला. मिनेसोटाच्या ऑस्कर मन्सन ह्या कर्मचाऱ्याला तो सापडला. त्यावर सामन्याचे गुण रंगविताना यजमानांनी आपला सहाचा आकडा मोठा व पाहुण्यांचा लहान काढला! मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट ह्यांनी बुधला परत मागितला आणि ‘येऊन जिंकून न्या’ असे उत्तर आले, ही कथा सर्वतोमुखी आहे. परंतु दोन्ही संघांची पुढील गाठ १९०९ मध्ये पडली. ते आव्हान लगोलग दिले गेले असेल, तर ते सहा वर्षे पडून राहिले असे मानावे लागते. कथा बखरीसारखी वाचावी. टाकून देऊ नये, पण अस्सल कागदाच्या पंक्तीसही बसवू नये. १९०९ मध्ये मिशिगनने सामना जिंकून बुधला नेला, हे मात्र निर्विवाद आहे. पुढे १९३१ च्या सुमारास तो ॲन आर्बरहून नाहीसा झाला व कालांतराने परत मिळाला. परत आला तो मूळचाच काय, ही शंका तेव्हापासून त्याला चिकटली आहे. अशा वेळी वस्तूपेक्षा तिच्या हस्तांतराची नोंद अधिक मोलाची ठरते, आणि ती नोंद काचेच्या कपाटात नसून दप्तरखान्यात असते. मिशिगन विद्यापीठाच्या बेन्टली ग्रंथालयात क्रीडाविभागाची कागदपत्रे आहेत, ती ह्यासाठीच पाहावयाची.

स्टॅनफर्डच्या कुऱ्हाडीची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. १८९९ मध्ये ती बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी पळविली. १९३० मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी ती परत आणली. १९३३ पासून ती उभयतांच्या वार्षिक सामन्याचे विजयचिन्ह झाली. १९८२ च्या सामन्यात अखेरच्या क्षणी, स्टॅनफर्डचे वाद्यवृंद मैदानात शिरले असता, बर्कलीने २५-२० असा विजय मिळविला. तो निकाल स्टॅनफर्डला आजही मान्य नाही. कुऱ्हाड त्यांच्याकडे असताना फलकावर २०-१९ असा आपला विजय कोरलेला दिसतो. ती बर्कलीकडे जाताच २५-२० पुन्हा येतात. पाठभेदच परंपरा झाला आहे! संग्राहकाने ‘शुद्ध’ फलक कायमचा बसविला, तर अचूकता साधेल, पण जतन करावयाचे तेच नष्ट होईल. दोन्ही पाठ सनावळीसह नोंदविणे, एवढेच त्याचे काम.

ह्याच्या उलट प्रश्न अलाबामातील ऑबर्न येथे उद्भवला. तेथे विजयानंतर टूमर्स कॉर्नरवरील दोन जुन्या ओक वृक्षांवर कागदाच्या गुंडाळ्या फेकून आनंद व्यक्त करण्याची प्रथा आहे. २०१० च्या हंगामाअखेर प्रतिस्पर्धी संघाच्या एका चाहत्याने त्या वृक्षांच्या मुळांशी तणनाशक ओतले. ते २०१३ मध्ये तोडावे लागले. २०१५ मध्ये नवे ओक लावले. त्यांतील एकास २०१६ मध्ये आग लागली आणि २०१७ मध्ये पुन्हा लागवड झाली. मूळ वृक्षाची ढलपी कोणी जपून ठेवली, तर ती अस्सल खरी. पण तिच्यावर कागद कोण फेकणार? येथे जतन म्हणजे पुनर्लागवड. नोंदवहीत मात्र वृक्षांचे वय आणि प्रथेचे वय निराळ्या रकान्यांत लिहिले पाहिजे. पहिल्याची गणना लागवडीच्या तारखेपासून सुरू होते. दुसऱ्यासाठी जुनी छायाचित्रे, विद्यार्थ्यांची वृत्तपत्रे आणि वृद्ध प्रेक्षकांच्या आठवणी, त्या हयात आहेत तोवर, गोळा कराव्या लागतात.