एचआयव्हीबाधित रुग्णातील मूत्रपिंडविकाराचे निदान

एचआयव्हीबाधित रुग्णाच्या मूत्रपिंडाचे कार्य बिघडले आहे काय आणि त्याचे कारण विषाणू, औषध की अन्य रोग आहे, हे या निदानात ठरविले जाते. सुरुवातीस लक्षणे बहुधा नसतात. त्यामुळे निदान मुख्यतः नियमित तपासण्यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

एड्सच्या रुग्णांतील मूत्रपिंडविकाराची वर्णने अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. थेट विषाणूमुळे होणारा हा विकार पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत अधिक आढळतो व त्याचा संबंध एपीओएल१ जनुकाच्या विशिष्ट रूपांशी आहे. भारतात तो विरळ असल्याने मधुमेह, उच्च रक्तदाब, हिपॅटायटिस बी व सी, क्षयरोग आणि औषधांचे दुष्परिणाम ही कारणे आधी तपासावी लागतात.

तपासण्या

रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचा गाळणी दर काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिल्यास विकार दीर्घकालीन मानला जातो. दर सामान्य असूनही लघवीतून प्रथिने सतत जात असल्यास मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते. सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार कळतो. नेमके कारण ठरविण्यासाठी काही वेळा बायोप्सी करावी लागते.

निदानातील अडचणी

भारतात प्रौढांना प्रामुख्याने टेनोफोविर, लॅमिव्युडिन व डोल्युटेग्रॅविर ही औषधे एकत्र दिली जातात. डोल्युटेग्रॅविरमुळे क्रिएटिनिनचे नलिकांतून होणारे उत्सर्जन कमी होते. त्यामुळे गाळणी दर न घटताही क्रिएटिनिन थोडे वाढते. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत होऊन स्थिरावते. याउलट टेनोफोविर काही रुग्णांत नलिकांना खरी इजा करते. रक्तशर्करा सामान्य असताना लघवीत साखर आढळणे आणि रक्तातील फॉस्फेट घटणे या तिच्या खुणा होत. पहिल्या स्थितीत उपयुक्त औषध विनाकारण बंद होण्याचा, तर दुसऱ्या स्थितीत अपायकारक औषध चालू राहण्याचा धोका असतो. कृश रुग्णांत स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन फसवे कमी दिसते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी चाचणी उपयोगी पडते.

सोलापुरातील संदर्भ

भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. सोलापूर येथे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. सोलापूरचे उन्हाळी तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. शरीरातील पाणी कमी झाल्यानेही क्रिएटिनिन वाढते. म्हणून उन्हात राबणाऱ्या रुग्णाची तपासणी पुरेसे पाणी दिल्यानंतर पुन्हा करणे आवश्यक ठरते.