घोड्याला गणित येते का?

पायलीने धान्य मोजता येते. थर्मामीटरने ताप मोजता येतो. पण मन कशाने मोजायचे? ते तर डोळ्यांना दिसत नाही. तरी मनाचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला मानसशास्त्र म्हणतात. या शास्त्रात खरे-खोटे कसे पारखतात, ते आपण एका घोड्याच्या गोष्टीतून समजून घेऊ. ही गोष्ट खरोखर घडलेली आहे, बरं का!

दारी आलेला नंदीबैल आपण पाहिला आहे. मालक विचारतो आणि बैल मान हलवतो. मालकाने त्याला तसे शिकवलेले असते, हे आपल्याला ठाऊक असते. पण या घोड्याची गोष्ट निराळी होती.

जर्मनी देशात बर्लिन हे मोठे शहर आहे. तेथे फॉन ओस्टेन नावाचे एक म्हातारे मास्तर राहत. त्यांच्या घोड्याचे नाव हान्स. मास्तरांनी खपून त्याला गणित शिकवले. तीन आणि दोन किती, असे विचारले की हान्स पाच वेळा खूर आपटी. बघायला गर्दी लोटे. मास्तर कुणाकडून पैसा घेत नसत. मग लबाडी म्हणावी तरी कशी?

1904 साली जाणत्या लोकांची समिती बसली. तीत सर्कशीतला माणूस होता, जनावरांचा डॉक्टरही होता. मास्तर नसताना परक्याने विचारले, तरी हान्स बरोबर सांगे. यात लबाडी नाही, असे समितीने ठरवले.

मग ऑस्कर फुंगस्ट नावाच्या अभ्यासकाने काम हाती घेतले. त्याने आधी नीट पाहिले. मग अंदाज बांधला. मग एका वेळी एकच गोष्ट बदलली. घोडा तोच, प्रश्न तोच. फक्त विचारणाऱ्याला कधी उत्तर ठाऊक असे, कधी नसे. प्रत्येक उत्तराची त्याने नोंद ठेवली.

काय दिसले? विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असले, की हान्स बहुतेक वेळा बरोबर. ठाऊक नसले, की बहुतेक वेळा चूक! घोड्याला झापड लावून विचारणारा दिसेनासा केला, तेव्हाही तेच झाले.

खरी गोम अशी होती. प्रश्न विचारून माणूस खुराकडे पाहायला किंचित वाके. बरोबर आकडा आला, की त्याची मान नकळत जराशी वर होई. घोडा ते टिपी आणि थांबे. हान्सला गणित येत नव्हते. त्याला माणूस वाचता येत होता!

यात मास्तर लबाड नव्हते. ते स्वतःच फसले होते. फुंगस्टने 1907 साली हे सारे पुस्तकात मांडले. मास्तरांना मात्र ते पटले नाही. म्हणजे सांगणारा माणूस सज्जन आहे, एवढ्याने गोष्ट खरी ठरत नाही.

म्हणून आज नवे औषध पारखताना काही रोग्यांना खरी गोळी देतात, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कुणाला कोणती दिली, हे पुष्कळदा रोग्यालाही सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. कुणाच्याच मनाचा कल मध्ये येऊ नये, हा हेतू.

ही पारख आपल्यालाही उपयोगाची आहे. अमक्या बाईची नजर लागली, म्हणून गाय आटली, असे कोणी म्हणतो. तो मुद्दाम खोटे बोलतो असे नाही. पण आपण विचारावे. त्या बाईने पाहिलेल्या किती गाई अजून दूध देतात? तिने न पाहिलेल्या किती आटल्या? गाईला चारा किती मिळतो? ती गाभण आहे का?

हे न मोजता ठपका ठेवला, तर एका गरीब बाईला गावात राहणे मुश्कील होते. आधी मोजावे, मग बोलावे.