ब्रीदर आधी, सील नंतर

या आठवड्यात पिनियन सील उघडायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय, कारण पांढरकवड्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न सीलच्याही आधीचा आहे. त्यांच्याकडे जुनी जिप्सी आहे. पुढच्या गोळ्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं, तेल उजव्या चाकाच्या आतल्या अंगाने गळतं. एक्सलचं सील दोनदा बदलून झालं. काही दिवस सगळं कोरडं राहतं, मग एखादा नाला ओलांडला की रिमवर पुन्हा काळा ओघळ. आता मिस्त्री म्हणतात, हाउसिंगच वाकलंय.

वाकलं असेलही. पण त्या खर्चात पडण्याआधी ब्रीदर पाहायला हवा. पत्रात त्याचा उल्लेखही नाही, आणि गॅरेजातही त्याची आठवण फार थोड्यांना होते.

गोळा सगळीकडून बंद असतो. खाली तेल, वर हवा. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासत फिरू लागले की तेल तापतं आणि वरची हवाही. ती ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली, तरी कोंडलेल्या हवेचा दाब जवळपास दहाव्या हिश्श्याने वाढतो. हा दाब निघून जावा म्हणून हाउसिंगच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी टोपी बसवलेली असते. तोच ब्रीदर. तो बुजला की हवा दुसरी वाट काढते, आणि ती वाट बहुधा सीलच्या धारेतून जाते. ही धार म्हणजे रबराची पातळ कड. मागून एक नाजूक स्प्रिंग तिला शाफ्टवर टेकवून ठेवते. तेल थोपवायला तेवढं पुरतं. आतून सतत दाब येत राहिला तर नवं सीलही टिकत नाही.

नाल्यात याच्या उलट घडतं. तापलेला गोळा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढू लागते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा येते. बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी शिरतं. ड्रेन प्लग सोडल्यावर दुधाळ चहासारखं तेल आलं, तर पाणी आत गेलंय हे पक्कं समजावं.

यवतमाळ जिल्ह्यात ब्रीदर बुजायला फार काही लागत नाही. इथली काळी माती ओली असताना चिकटून बसते आणि वाळली की टणक होते. खुनी नदीकाठच्या वावरातून एकदा गाडी काढली तरी टोपीवर थर चढतो. १४८ चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या कच्च्या वाटांवर उन्हाळ्यात त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात सफारी बंद, गाड्या शेडमध्ये उभ्या. तेव्हा आणखी एक पाहुणी येते: कुंभारीण माशी. बारीक भोक दिसलं की ती चिखलाने लिंपून टाकते.

ही गोष्ट क्षुल्लक वाटत असेल तर ६ फेब्रुवारी १९९६ चा विमान अपघात आठवावा. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं विमान समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. वेग मोजणारी एक नळी बुजली होती, आणि तपासात दाट संशय घेतला गेला तो अशाच मातीचं घर करणाऱ्या माशीचा.

तपासणी सोपी आहे. पाच-दहा किलोमीटर चालवून गाडी सपाट जागी उभी करावी आणि वरचा फिलर प्लग हळूच ढिला करावा. ‘फुस्स’ आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. टोपी काढून डिझेलमध्ये धुवावी, तोंडाने फुंकून पाहावी. हवा अडत असेल तर नवी घालावी. नाले वारंवार ओलांडावे लागत असतील तर टोपीच्या जागी निपल बसवून तेल सोसणारी रबरी नळी बॉनेटखाली उंचावर न्यावी आणि तिच्या तोंडाला छोटा फिल्टर लावावा. ऑस्ट्रेलियात रानोमाळ भटकणारे बरेच जण गाडी घेतल्यावर आधी हेच काम करून घेतात. दोनदा सील बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्तात होतं.

पत्रातल्या गाडीचं सील मात्र तरीही तिसऱ्यांदा बदलावं लागेल, कारण दाबाखाली राबलेली धार पुन्हा नीट बसत नाही. जिप्सीत हे सील आत असतं. ते हरलं की गोळ्याचं तेल चाकाजवळच्या पोकळ गोलात उतरतं, सीव्ही जॉइंटचं ग्रीस पातळ करतं आणि नकलच्या सीलमधून काळा चिखल होऊन बाहेर येतं. म्हणून सील बदलताना तिथलं ग्रीसही पूर्ण धुऊन नवं भरावं. शाफ्टवर जिथे सील बसतं तिथे नख फिरवून पाहावं. नख अडकलं तर तिथे चरा पडलाय, आणि त्यावर कुठलंच सील टिकणार नाही. हाउसिंग वाकल्याची शंका खरी की खोटी, हे त्यानंतरच तपासावं.

तेल बदलताना फिलर प्लग आधी उघडावा, ड्रेन प्लग नंतर. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. नवं तेल ८० डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं, फिलरच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरावं. त्याहून जास्त कोंबू नये. जास्तीचं तेलही सीलमधूनच बाहेर पडतं.

पिनियन सील पुढच्या आठवड्यात. तोवर एक सेंटर पंच आणि पांढरा रंग मिळवून ठेवावा: पिनियनचा नट सोडण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँज या तिघांवर एका रेषेत खूण करावी लागते.