पावसाळ्यातली घरातली ओल: मीठ, पंखा, एसी आणि यंत्र

‘खोलीच्या कोपऱ्यात वाडगाभर खडे मीठ ठेवा, ते सगळी ओल ओढून घेतं.’ हा सल्ला दर पावसाळ्यात नव्यानं फिरतो. मीठ ओल धरतं हे खरं, पण हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच. त्याखाली ते कोरडंच राहतं. म्हणजे पोतंभर मीठ ओतलं तरी खोली ७५ टक्क्यांच्या खाली जाणार नाही, आणि बुरशीला साधारण तेवढी आर्द्रता पुरते. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मिळतात, त्या मिठापेक्षा कितीतरी प्रभावी असतात. पण त्यांची जागा बंद कपाटात. अख्खी खोली त्यांना झेपत नाही.

दुसरी समजूत खिडक्यांची. खिडकी उघडली की हवा खेळते आणि ओल जाते, हे नोव्हेंबरात शंभर टक्के खरं. जुलैच्या झडीत मात्र मुंबई-रत्नागिरी-पणजीकडे बाहेरची हवाच ८० ते ९० टक्के दमट असते. २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता म्हणजे दर घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ. खिडकी उघडून आपण तीच घरात घेतो. पंख्यानं अंगावरचा घाम आणि दोरीवरचे कपडे लवकर सुकतात, पण ते पाणी घराबाहेर जात नाही. बंद खोलीत वाळवलेल्या एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी सहज हवेत मिसळतं.

‘एसी आहे ना, मग डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं वेगळं यंत्र, कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा आखली, ती आर्द्रता आवरण्यासाठीच. दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. एसी हवा कोरडी करतो, पण त्याचा कॉम्प्रेसर चालू असेपर्यंतच. पावसाळ्यात बाहेर २६ अंश असताना खोली चटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, आणि आतल्या गार नळ्यांवर साचलेलं पाणी पुन्हा हवेत जातं. खोलीच्या मानानं एसी मोठा असेल तर हे जास्तच होतं. घर गार होतं, पण अंथरूण चिकटच राहतं.

शिवाय एसी २० अंशांवर ठेवला की भिंती थंड होतात. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड झालेल्या भिंतीवर पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत पाणी धरू शकतं. लोक मग गळती शोधत बसतात.

डिह्युमिडिफायर हवा गार नळ्यांवरून नेतो, तिच्यातलं पाणी टाकीत गाळतो आणि तीच हवा गरम नळ्यांवरून खोलीत सोडतो. त्यानं गारवा येतो हा समज चुकीचा आहे. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे ०.७ युनिट विजेएवढी उष्णता बाहेर पडते, वर यंत्राची वीज वेगळी. खोली थोडी तापतेच. हवा कोरडी झाल्यामुळे ती सुसह्य वाटते, इतकंच.

यंत्राबद्दलची सगळ्यात मोठी निराशा पहिल्या दोन-तीन दिवसांत येते. टाकी भरभरून वाहते, पण आर्द्रतेचा आकडा हलत नाही. ‘यंत्रच खराब.’ जरा हिशेब करू. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती ८५ वरून ५५ टक्क्यांवर आणायला जेमतेम पाव लिटर पाणी काढावं लागतं. मग टाकीतले लिटरमागून लिटर येतात कुठून? गादी, पुस्तकं, लाकडी कपाट, भिंतींचा गिलावा यांनी महिनाभरात पिऊन ठेवलेलं पाणी सावकाश सुटत असतं, आणि दाराच्या फटीतून नवी वाफ येत असते. म्हणून खोली बंद ठेवायची, फटी बुजवायच्या आणि धीर धरायचा.

‘पूर्ण घरासाठी एकच यंत्र’ ही कल्पना अमेरिकेतल्या घरांतून आली आहे. तिथे छतात किंवा तळघरात हवेचे डक्ट असतात आणि यंत्र त्यांनाच जोडतात. फ्लोरिडा-टेक्सासात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते सोयीचं आहे. आपल्या साध्या फ्लॅटमध्ये डक्टच नसतात, तेव्हा दिवाणखान्यात एक मोठं यंत्र ठेवून शेवटच्या खोलीतलं कपाट कोरडं होत नाही. झोपायची किंवा पुस्तकांची एक खोली निवडावी. अलिबाग किंवा गोव्यात सुट्टीपुरतं वापरायचं डक्टवालं घर असेल, तर मात्र पूर्ण घराचा विचार जरूर करावा. अशी घरं महिनोन्‌महिने बंद असतात आणि कुलूप लावल्यानं ओल बाहेर राहत नाही. तिथे टाकीऐवजी पाणी बाहेर सोडणारी नळी हवीच, नाहीतर टाकी भरली की यंत्र बंद.

काही ओलीपुढे कुठलंही यंत्र हतबल आहे. भिंतीला लोणा लागला असेल, पोपडे सुटत असतील, तर पाणी बहुधा बाहेरून किंवा वरच्या मजल्यावरच्या नळातून येतंय. ओळखायला सोपी चाचणी आहे: भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. पाणी मागच्या बाजूला धरलं तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतली. पहिल्या प्रकारात आधी गवंडी आणि प्लंबर.

स्वयंपाकघराकडे तर कुणी पाहतच नाही. गॅस जळताना पाणी तयार होतं: एक किलो एलपीजीतून साधारण दीड किलोहून जास्त. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. शिजणाऱ्या भाताची वाफ वेगळी. एग्झॉस्ट पंखा स्वयंपाकानंतरही थोडा वेळ चालू ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणि ‘जितकं कोरडं तितकं चांगलं’ हेही खरं नाही. ५० ते ५५ टक्के पुष्कळ झाले. धुळीतले किडे ५० च्या खाली तग धरत नाहीत, हे दम्याच्या रुग्णांसाठी महत्त्वाचं. पण ३०-३५ पर्यंत खेचलं तर तंबोरा, सतार आणि जुनं सागवानी फर्निचर यांना चिरा पडू शकतात. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणा, तो यंत्रापासून दूर, ज्या कपाटाला कुबट वास येतो त्याच्यापाशी ठेवा. यंत्र घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.